डब्याची खंडेनवमी

माझा राग नाकावर असतो हे महाडात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तो माझ्याबरोबर वरंधच्या वरच्या वाडीपर्यंत चढून गेला.

वाडीमागच्या डोंगराची माती सरकायला लागली की भोंगा वाजवणारा एक डबा मी तिथे बसवला होता. आत छोटासा लिनक्स संगणक. तो सांभाळायचे एक म्हातारे शेतकरी. मी त्यांना आबा म्हणायचो. दसऱ्यानंतर निरोप आला, डबा बंद पडलाय. परतीचा पाऊस अजून हटला नव्हता, म्हणून तसाच निघालो. पाहतो तर डब्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"आबा, हे काय?"

"खंडेनवमी व्हती ना सायेब. नांगर, कोयता, समद्यांना त्या दिवशी इसावा. मग ह्यालाच कशाला राबवायचा? बंद केला, पूजा केली. दुसऱ्या दिवशी चालू केला तर उठायला तयार नाय."

मी नको ते बोललो. हा काय बैल आहे का, असंही म्हणालो. अंगणात जमलेल्यांपैकी एकाने लगेच सुचवलं, डबा यांच्याकडून काढा, दुसऱ्याच्या घरी द्या. आबा खाली बघत राहिले.

लॅपटॉपची केबल डब्याच्या सीरियल पोर्टला लावली. डबा उठताना काय काय करतो ते त्या वाटेने ओळीओळीने दिसतं. आली ती नुसती चिन्हांची भेळ. लॅपटॉपवर अक्षरं वाचायचा वेग मीच चुकीचा ठेवला होता. तो एक लाख पंधरा हजार दोनशे केला तशी अक्षरं लागली, ओळी धावल्या आणि एका जागी थांबल्या. ज्या मेमरी कार्डावरून सगळी प्रणाली उचलायची, तेच त्याला सापडत नव्हतं. कुंकू गेलं असणार आत, मी मनात निकाल देऊन टाकला. कार्ड काढून पुसलं. तरी तेच.

मग ओळी वर सरकवत गेलो. डब्याला उठताना दिलेली आज्ञा सुरुवातीलाच जशीच्या तशी छापलेली असते. तिच्यात दोन शब्द एकमेकांना चिकटले होते, मधली मोकळी जागाच नव्हती, म्हणून कार्डाचं नाव त्याला ओळखू येत नव्हतं. ती ओळ गणपतीच्या आधी मीच बदलली होती, आणि घाईत डबा बंद-चालू करून पाहिला नव्हता. आज्ञा वाचली जाते ती फक्त उठताना, म्हणून तो आपला जुन्याच आज्ञेवर चालत राहिला, आबांनी इसावा देईपर्यंत.

गुपचूप ती मोकळी जागा घालून निघून जाता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण चोर सोडून संन्याशाला फाशी मीच देत होतो, आणि संन्यासी समोर मान खाली घालून बसला होता.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "पूजेने काही झालं नाही, गणपतीआधी घाईत मीच आत चुकीचं लिहून ठेवलं होतं. ऐन पावसात वीज गेली असती तर हेच झालं असतं, आणि भोंगा वाजलाच नसता. यांनी बंद केला म्हणून कळलं."

ओळ दुरुस्त केली. डबा उठला. भोंगा वाजवून दाखवला तेव्हा कोंबड्या सैरावैरा पळाल्या. डबा हलवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

निघताना आबा बांधापर्यंत सोबत आले. तोवर मी त्यांचा सायेब होतो.

"पुढल्या खंडेनवमीला तू पन इसावा घे रे," ते म्हणाले. "लय घाई करतोस."