घाटाखाली थांबणारा माणूस

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. परतवाड्याच्या जीपवाल्याशी एक माणूस आणि एक सायकल वर चिखलदऱ्याला नेण्याचे सहाशे रुपये ठरले. ठरवताना हजर मी आणि जीपवाला, दोघंच. तिसरा, माझा मित्र, अकोल्याहून यायचा होता. त्याचा सकाळीच फोन आला.

"नाही जमत बे आज. पावने येऊन राहिले घरी."

"मागच्या वेळी साळ्याचं लग्न होतं."

"मंग लग्न बुडवू काय, तुह्या सायकलीपायी?" तो हसला. "जाऊन ये तू. पडजो नको."

सलग चौथ्यांदा तो नाही म्हणाला होता. आता आपण होऊन विचारायचं नाही, असं मी ठरवलं. मी विचारलं नाही तर तो येणार नाही आणि आमचे रविवार संपतील, हेही मला कळत होतं.

अमरावतीच्या एका सरकारी कॉलेजात आम्ही अकरा वर्षं बरोबर होतो. मी हिशेबाच्या टेबलावर, तो वर्कशॉपमध्ये. मधे कॅम्पसवर मुलांनी जाड टायरच्या सायकली आणल्या, त्यांचं पाहून आम्हीही घेतल्या. मुलं पास होऊन गेली, आम्ही फिरत राहिलो. जवळच्या जवळ पोहऱ्याच्या टेकड्या. लांब जायचं असलं की सायकली गाडीच्या मागे बांधायच्या आणि उजाडता निघायचं. एकदा शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या बागांमधल्या पांदणीच्या वाटेनं गेलो. आदल्या दिवशी पाऊस झालेला. काळी माती चाकांत अशी बसली की चाकं फिरेनात. दोघांनीही सायकली खांद्यावर घेतल्या. शेताच्या धुऱ्यावरून एक म्हातारा ओरडला, "सायकल तुमाले नेते का तुमी सायकलीले?" मित्रानं ते वाक्य पुढं वर्षभर कॉलेजात सांगितलं.

घाटाची रीत मात्र वेगळी होती. गाडी एकच न्यायचो, माझी. वर जाताना दोघंही गाडीत, पण उतरताना गाडी खाली कोण आणणार? म्हणून आळीपाळी. एका रविवारी तो सायकलीनं उतरायचा आणि मी गाडी घेऊन खाली फाट्यावर थांबायचो, पुढच्या वेळी उलट. म्हणजे चिखलदऱ्याच्या उतारावर आम्ही दोघं सोबत असे कधीच नव्हतो. जूनमध्ये त्याची अकोल्याला बदली झाल्यावर हे माझ्या लक्षात आलं. उतरायला मला त्याची गरज नव्हती. खाली पोचल्यावर "आज किती डाव पडला?" असं विचारणारा माणूस हवा होता. घरीही तसं विचारणारं कोणी नव्हतं. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको दिवाळीपासून पुण्याला गेली होती.

गाडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी लावली. टपरीवाली बाई आम्हा दोघांनाही ओळखायची.

"आज एकटेच? ते जाडे भाऊ कुठी हायेत?"

"बदली झाली त्यांची. अकोल्याला."

"मंग तुमी तिकडे पडले-गिडले त कोनाले समजन?"

ती सहज बोलली, पण प्रश्न बरोबर होता. दोन वाजेपर्यंत मी आलो नाही तर फोन करा, म्हणालो. तिनं मोबाइल पुढं केला. नंबर कोणाचा द्यायचा? बायको पुण्यात, मांडीवर नातू. तिला उगाच घोर. ऑफिसातल्या कोणाला सांगण्यासारखं हे नव्हतं. शेवटी मित्राचाच दिला. तो मला पाठ होता.

जीपवाल्यानं वर सोडलं. डांबरी रस्ता सुटला की जुनी बैलवाट लागते. दोन्ही बाजूंना घाणेरी, खाली सुटे दगड, त्यांवर सागाची वाळली पानं. तिसऱ्या वळणावर मी घसरून पडलो. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. एरवी पडलो की मी मोठ्यानं "काही नाही झालं" म्हणायचो, ऐकायला कोणी नसलं तरी. त्या दिवशी म्हटलं नाही. उठलो, कपडे झटकले. पुढं काटा लागून मागचं चाक बसलं. जवळची ट्यूब घातली, तीही गळकी निघाली. मोबाइलला रेंज नव्हती. उरलेली वाट सायकल हातात धरून उतरलो. पानांवर माझेच पाय वाजत होते.

फाट्यावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. टपरीवाली रस्त्यात येऊन फोनवर ओरडत होती, "आले वो! आले ते भाऊ!" तिनं मोबाइल माझ्या हातात कोंबला.

"जित्ता आहेस का बे?"

"पंक्चर झालं."

"पंक्चर! आकोट सोडून अंजनगावच्या रस्त्याले लागलो मी. पावने ताटावर बसले होते." त्याच्या गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक मला ऐकू येत होती. "लागलं काय?"

"नाही."

"हातपाय?"

"नाही रे."

"मंग मी येऊ का परतू?"

ये म्हणायचं होतं. उरलेला रस्ता तासाभराचाही नव्हता.

"परत जा," मी म्हणालो. "पाहुणे आहेत घरी."

"बरं." टिकटिक बंद झाली. "अन् आइक, पुढच्या टायमाले वयनीचा नंबर देजो. मी अकोल्यात राहतो आता."

तो रागावलेला नव्हता. मी हो म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

टपरीवालीनं दोन कप भरून ठेवले होते. जाडे भाऊ येऊन राहिले, असं तिला वाटलं होतं. एक कप मी प्यालो, मग दुसराही. दोन चहांचे वीस रुपये तिला दिले. फोनचे तिनं घेतले नाहीत.