कोकिळाचं फोल्डर

रोहिणखेडच्या मोतीराम फोटोवाल्याने घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा फोटो धुण्याची कटकट संपली म्हणून त्याला हायसं वाटलं होतं. पुढे हाताहातांत मोबाईल आले आणि फोटो काढायचं कामही संपलं. लग्नाच्या ऑर्डरी ड्रोन उडवणाऱ्यांनी पळवल्या. मोतीरामाकडे उरली दोनच प्रकारची गिऱ्हाईकं: पासपोर्ट साईजची जिवंत आणि तेरवीच्या फ्रेममधली गेलेली. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, पोटी लेकरू नाही. तरी रोज सकाळी समोरच्या खोलीत कॉम्प्युटर चालू करून बसायचा. दुसरं करणार तरी काय?

त्या कॉम्प्युटरमध्ये त्याची एक शिस्त होती, आणि ती त्याला कुणी शिकवली नव्हती. ज्याचा फोटो काढला त्याच्या नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर, डोळ्यांसमोर. माणूस गेला की त्याचं फोल्डर उचलून डी ड्राईव्हमध्ये. गेलेल्याला जित्याजागत्या माणसांत ठेवू नये, एवढंच त्याचं म्हणणं. एकदा गावातल्या अन्नपूर्णाबाई अकोल्याच्या दवाखान्यात वारल्याची आवई उठली आणि याने घाईघाईने त्यांना डी मध्ये नेऊन ठेवलं. काही दिवसांनी बाई ठणठणीत होऊन काळीपिवळी जीपमधून उतरल्या. मोतीरामाने त्यांना परत डेस्कटॉपवर आणलं, देवापुढे कान धरले आणि नियमच करून टाकला: तेरवी झाल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही.

त्याची बायको कोकिळा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं. तिचं फोल्डर मात्र अजून डेस्कटॉपवरच होतं, कारभारी सायकलवाल्याच्या शेजारी. नियम करणाऱ्यानेच तो मोडला होता, आणि जाब विचारायला घरात कुणी नव्हतं.

फोटोवाल्याची बायको, पण तिचा एक धड फोटो नव्हता. लग्नाच्या ऑर्डरीला निघण्याआधी फ्लॅश तपासायला तो तिलाच स्टुलावर बसवायचा. "काऊन जी, मीच सापडते का तुमाले? तिकडं भाकर करपून राह्यली," म्हणत ती बसायची आणि हा खटका दाबायचा. डोळे मिटलेली कोकिळा, हातात उलथणं धरलेली कोकिळा, कंटाळून अर्धवट उठलेली कोकिळा. सगळे फोटो उजेड बघण्यासाठी काढलेले, तिला बघण्यासाठी एकही नाही. तेरवीची फ्रेम करताना हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो माऊसवर हात ठेवून हमसून हमसून रडला. आता तेवढेच फोटो उरले होते, आणि फ्रेममधला एक सोडला तर ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

या उन्हाळ्यात एका दुपारी कॉम्प्युटरने आपल्या मनाने अपडेट घ्यायला सुरुवात केली. बंद करू नका, अशी सूचना पडद्यावर आली. मोतीरामाने इमानाने बंद केला नाही. लाईनने मात्र ती सूचना वाचली नव्हती, ती गेली. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेली होती. लाईन आल्यावर पडदा निळा झाला, मग काळा, मग आपलं आपण दुरुस्त करतो म्हणून ठिपके गोल गोल फिरू लागले आणि पुन्हा निळा. मोतीराम नुसता बघत बसला. चहा केला, तो निवून गेला, ठिपके फिरतच होते. त्याला इतका शिणवटा आला की भिंतीला टेकून डोळे मिटावेत आणि सगळं असंच राहू द्यावं, असं वाटलं. पण आत कोकिळा होती.

दुसऱ्या दिवशी त्याने वायरी काढल्या, कॉम्प्युटरचा डबा कोकिळाच्या जुन्या लुगड्यात बांधला आणि काळीपिवळीत मांडीवर घेऊन मोताळ्याला नेला. तिथे गजेंद्राचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गजेंद्र बोलायला तोडका, पण हाताचा चांगला. त्याने पेनड्राईव्ह लावून आतलं कसंबसं उघडलं.

"काका, विंडोज गेली. नवी मारा लागन. सी मधलं सारं उडन, डेस्कटॉपवरचं बी. डी ले काई होत नाई."

म्हणजे गेलेले सगळे सुखरूप आणि उडणार ते जिवंत. त्यांच्याबरोबर कोकिळाही. 

"मंग आता?"

"मंग काय! हे सारे फोल्डर डी मधी टाकतो, अन् मारतो विंडोज."

"डी मधी नको रे."

"काऊन?"

"तिथं मेलेले हायेत. जित्या माणसाइले तिथं कसं टाकाचं?"

गजेंद्राने हातातला पेचकस खाली ठेवला. त्याच्याकडे नाना तऱ्हेची माणसं येत, पण हे नवंच होतं. "काका, डब्याले काय समजते कोण मेलं अन् कोण जित्तं? आजच्यापुरतं राहू द्या. घरी गेल्यावर आणा परत समोर."

"बरं, टाक. पण न्यारं फोल्डर कर. त्याइच्यात मिसळू नको."

गजेंद्राने डी मध्ये नवं फोल्डर केलं आणि नाव दिलं, 'जिवंत'. "सारे जित्तेच ना?" त्याने सहज विचारलं.

मोतीरामाने पडद्यावरच्या कोकिळाच्या नावाकडे पाहिलं. "हाव," तो म्हणाला.

डबा घरी आला. नवा पडदा निर्मळ, मोकळा, अनोळखी. सगळी फोल्डरं एका झटक्यात उचलून समोर आणता आली असती, गजेंद्राने तसं दाखवलंही होतं. पण मोतीराम एकेक उघडून चेहरा बघायचा, माणूस खरंच आहे ना हे आठवायचा आणि मग समोर आणायचा. कारभारी आला, अन्नपूर्णाबाई आल्या. कुणी सुरतेला जाऊन तिकडेच वारल्याचं मागाहून कानावर आलेलं असायचं, त्याला तो डी मधल्या गेलेल्यांत नेऊन ठेवायचा. पाठ भरून यायची. मध्येच आडवा व्हायचा, पुन्हा बसायचा. असे किती दिवस गेले, त्याने मोजले नाहीत.

मग एका सकाळी 'जिवंत' उघडलं तर त्यात एकटी कोकिळा उरली होती.

बराच वेळ तो त्या दोन नावांकडे बघत राहिला. वर जिवंत, खाली कोकिळा. गजेंद्राशी खोटं बोलणं सोपं होतं, इथे समोर लिहिलेलं होतं. त्याने फोल्डर उघडलं. डोळे मिटलेली कोकिळा स्टुलावर बसली होती, कधी एकदा हे संपतं आणि उठते, अशी.

"थकली असशीन वं," तो म्हणाला. "लय बसवलं म्या तुले."

त्याने फोल्डर उचललं आणि डी मध्ये आपल्या आईच्या, जनकाबाईच्या, शेजारी ठेवलं. सासूसुनेचं बरं जमायचं. रिकामं झालेलं 'जिवंत' पुसून टाकलं. डेस्कटॉपवर परतला तर सगळं गाव जागच्या जागी होतं आणि कोपऱ्यात त्याचं स्वतःचं फोल्डर, मोतीराम.

"तुले म्या नेऊन ठेवलं वं तिकडं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मले कोण नेऊन ठेवन?"