वाढीचं बोट

बोटकाकांना माणसं चेहऱ्याने कमी आणि पायांनी जास्त लक्षात राहत. कुणाचं नाव निघालं की ते डोळे बारीक करून विचारत, "तो होय, पसरट पंजाचा?" आणि तो पसरट पंजाचाच निघे. वाडीतल्या यच्चयावत पोरांच्या पायांची लांबी त्यांना तोंडपाठ होती. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरपणाला आली तर तिच्या चेहऱ्याआधी काकांची नजर तिच्या पायांकडे जाई. "वाढला नाय गो पाय. जेवायला घालतात ना तिथे?" असं ते तिच्या नवऱ्यादेखत विचारत.

जयगडला त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक चिऱ्यांचा गडगा, बुटकी कुंपणभिंत, तीही निम्मी ढासळलेली. त्यामुळे दोन्ही घरांत आमची सारखीच ये-जा. काका मालवाहू बोटीवर खलाशी होते, पुढे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम झाले. नऊ महिने बोटीवर आणि तीन महिने घरी, असा त्यांचा संसार. बोटीवर म्हणून बोटकाका, असं मोठी माणसं समजत. नावाचं खरं कारण आम्हा पोरांना ठाऊक होतं, आणि ते होतं त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काका ओटीवर बसत. हातात एक पांढरा दोर. वाडीतली सगळी पोरं पाय धुऊन रांगेत उभी. एकेकाने जमिनीवर पाय टेकायचा. काका टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोर ताणत, मग अंगठ्यापुढे आपलं मधलं बोट आडवं ठेवत आणि बोटाच्या पलीकडे गाठ मारत. "नऊ महिन्यांचं एक बोट," असं म्हणत. त्या गाठीपासून पुढच्या पोराची टाच सुरू. त्यांचा मुलगा सुहास पहिला, मी दुसरी, मग बाकीची. असे आम्ही सगळे त्या दोरावर एकामागे एक उभे राहून काकांबरोबर जग फिरून यायचो. कुठल्याशा बंदरातल्या दुकानात काका तो दोर फळीवर पसरायचे आणि दुकानदार हसायचा, हे त्यांनीच सांगितलेलं. "हसूदे मेला. त्याला काय म्हाईत माझ्या मागे केवढी पलटण हाय ती."

काका आले की पेटी लगेच उघडत नसे. आधी आंघोळ, मग चहा, मग माशाचं जेवण, मग झोप. आम्ही ओटीवर ताटकळत. पेटी उघडली की सबंध घरात परदेशी साबणाचा वास सुटायचा. कुणाला विजेरी, कुणाला नेलकटर, माझ्या वडिलांना, ते शाळामास्तर म्हणून, दर खेपेला पेन. गुरवाला, पोस्टमनला, होडीवाल्यालासुद्धा काहीतरी असायचंच. "हात हलवत आलेला माणूस आपल्याच घरात पाव्हणा वाटतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आम्हाला बूट. मी तिसरीत असताना आलेले ते निळे बूट मला अजून आठवतात. पाय घातला आणि तो असा बसला, जणू काकांनी आदल्या दिवशीच माप घेतलं होतं. नऊ महिन्यांत माझा पाय बरोब्बर एक बोट वाढला होता, आणि हे त्या माणसाला आधीच कळलं होतं. मला तेव्हा तो चमत्कारच वाटला. आता नव्हता असं म्हणवत नाही.

एकदा मात्र गणित चुकलं. काकांची बोट कुठल्यातरी परक्या बंदरात अडकून पडली आणि नऊचे चौदा महिने झाले. काका आले, पेटी उघडली, आणि एकाचाही बूट त्याच्या पायात जाईना. सुहासचा पाय तर दोन बोटं पुढे गेलेला. आम्ही कसले ऐकतोय, टाच मोडून बूट तसेच चपलेसारखे फरफटत गावभर मिरवले. काका ओटीवर बसून आमच्या मोडलेल्या टाचांकडे बघत होते. माझी आई त्यांना म्हणाली, "भाऊजी, एवढं काय मनाला लावून घेता, पोरांना मजाच वाटतेय." तर ते म्हणाले, "मजा वाटूदे वयनी. पण पोरं माझ्यामागे वाढली, आणि मला पत्ता नाय." तेव्हा मला बूट घट्ट झाल्याचं वाईट वाटलं होतं. त्यांना कशाचं वाईट वाटत होतं ते मला मूल झाल्यावर कळलं.

आता मुख्य गोष्ट. त्या दोरावर काकींचं माप नव्हतं.

मी लहानपणी तोंडाळ होते, आताही आहेच. एका वर्षी मी भर ओटीवर विचारलं, "काका, काकींचं माप नाही घेतलं?" झालं. काकांची आई झोपाळ्यावर बसली होती ती खोकली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि काकी आत निघून गेल्या. नवऱ्याने चारचौघांत बायकोचा पाय हातात धरायचा म्हणजे काय, ते दिवस तसले नव्हते. काका कानापर्यंत लाल झाले आणि दोर गुंडाळत म्हणाले, "तिचं माप माझ्या डोळ्यात हाय."

डोळ्यातलं ते माप एकदाही बरोबर आलं नाही. काकींना आलेल्या चपला इतक्या मोठ्या, की त्या परसात कोंबडीने अंडी घालायला घेतल्या. पुढच्या वर्षी चुकू नये म्हणून लहान आणल्या, त्या आमच्या आईला झाल्या. एकदा लोकरीचा कोट आणला, तोही गुडघ्यापर्यंत, आणि जयगडात लोकर घालायची कधी हे त्यांनाच ठाऊक. काकी वस्तू उलटसुलट बघत, पदराने पुसत आणि म्हणत, "रंग चांगला आणलायत." तेवढ्यावर काका खूश झाल्यासारखं दाखवत. पण सगळ्या वाडीच्या पायांत बरोबर बूट घालणाऱ्या माणसाला घरातल्या एकाच माणसाचं जमत नव्हतं, आणि ते त्यांना सलत होतं. हे आम्हा पोरांनाही दिसे. "एकदा तरी हिच्या मापाचं काहीतरी आणीन," असं ते माझ्या वडिलांजवळ दर वर्षी निघताना बोलायचे.

त्याच नादात त्यांनी सिंगापूरहून ती बांगडी आणली. हिरव्या दगडाची, अखंड, हातात घेतली तर गार लागणारी. एकच होती.

"एकच कशी?" काकींनी विचारलं.

"तिथे बायका एकाच हातात घालतात."

"मग दुसरा हात काय उपाशी?"

ओटीवर हशा पिकला. काकींनी बांगडी हातात चढवायला घेतली, ती अंगठ्याच्या हाडाशी अडली. तेल लावलं, साबण लावला, हात लाल झाला, पण बांगडी जाईना. शेवटी त्यांनी ती पुसली, म्हणाल्या, "रंग चांगला आणलायत," आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिली. त्या डब्यात ती वीसेक वर्षं राहिली.

मी दहावी झाले, कॉलेजला रत्नागिरीला गेले, तरी काका माझं माप घेत आणि पुढे बोट ठेवत. मी एकदा म्हटलं, "काका, माझा पाय आता वाढत नाही हो." ते म्हणाले, "ते आपण कोण सांगणार? वाढीचं बोट ठेवावं." त्या वर्षीचे बूट मला सैल झाले आणि मी पुढे कापूस घालून ते चार वर्षं वापरले. आज मी कुठे फिरायला गेले की भाच्या-पुतण्यांसाठी कपडे घेताना एक माप वरचंच घेते. नवरा कुरकुरतो. मी म्हणते, "असूदे, बोट ठेवलंय."

निवृत्त झाल्यावर काका घरीच रमले असं नाही. जयगडला मोठं बंदर झालं होतं. काका संध्याकाळी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर जाऊन लांबून त्या भल्यामोठ्या बोटी बघत बसायचे. मी गेले की मलाही घेऊन जात. "एवढी मोठी बोट, आणि घेऊन काय येते तर कोळसा," ते म्हणायचे. "कुणासाठी काय घेऊन येत नाय." आम्ही बघत बसायचो आणि काळोख पडायच्या आत उतरायचो.

मग काकी आजारी पडल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ते रत्नागिरीला. सुहास नोकरीला लांब, आणि मी लग्न होऊन रत्नागिरीतच, म्हणून महिनाभर दोघं माझ्याकडेच होती. काकी इतक्या वाळल्या की हाताची हाडं मोजून घ्यावीत. काका एक दिवस एस.टी.ने जयगडला जाऊन आले आणि येताना तो बिस्किटांचा डबा घेऊन आले. कुणाला काही न विचारता त्यांनी काकींचा हात हातात घेतला, माझ्यादेखत, आणि बांगडी चढवली. ती अलगद गेली.

"बघ," काका मला म्हणाले, "माप बरोबर होतं."

"बरोबर कुठलं," काकी पडल्या पडल्या म्हणाल्या, "मी वाळले म्हणून गेली."

"तेच सांगतोय. थोडं लवकर आणलं, एवढंच."

काकी हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे हलवत बसले, कारण मला रडू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर काकांनी बायकोला भरवायचा सपाटा लावला. पेज, माशाचं सार, नाचणीची आंबील. दर चार दिवसांनी ते बांगडी फिरवून बघत. सुरुवातीला ती कोपरापर्यंत घसरायची. मग मनगटावर थांबली, मग जरा आवळली. "आता निघत नाय," काका येईल त्याला सांगत, "ओढून बघा पाहिजे तर." जयगडला परत गेल्यावरही तेच. वीस वर्षं हातात शिरू न शकलेली वस्तू आता बाहेर पडू शकत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. आयुष्यात एकदा काकींचं माप जमलं होतं त्यांना.

मी एका रविवारी त्यांच्याकडे गेले तेव्हा काका सड्यावर गेले होते. काकी मागच्या दारी भांडी घासत होत्या आणि ती हिरवी बांगडी खिडकीत साबणाच्या वडीशेजारी ठेवलेली होती. मी बघतच राहिले. काकींनी ओल्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. "साबण लावला की निघते अजून," त्या हळूच म्हणाल्या. "भांडी घासताना आपटली तर फुटायची. दगडाची ती. रोज काढते आणि ते यायच्या आत घालते. तू बोलू नको हो त्यांना. त्यांना वाटतंय अडकली."

मी कशाला बोलतेय.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा त्यांना ओटीवरच ठेवलं होतं, जिथे ते दोर घेऊन बसायचे तिथेच. पायांवर चादर नव्हती. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, त्यांच्या स्वतःच्या पायांचं माप कधी कुणी घेतलं नव्हतं. आम्ही एवढी माणसं इतकी गावं फिरलो, त्यांच्यासाठी कुणी साधी चप्पल आणली नाही. मला माझी लाज वाटली.

आत वाडीतल्या जाणत्या बायका काकींभोवती बसल्या होत्या. गावात पुष्कळ जुनं सुटलं, पण हे अजून सुटलेलं नाही. त्यांनी काकींच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण त्याही दुष्ट नव्हत्या. त्यांच्यातल्या तिघींचे हात तसेच कधीतरी कुणीतरी मोकळे केलेले होते, आणि त्या रडत होत्या. काकी हात पुढे करत होत्या. मग ती हिरवी बांगडी राहिली.

सगळ्यांत वयस्कर होत्या त्या वाडीच्या टोकाच्या भिकूवहिनी. त्यांनी जरा ओढून बघितलं. मग मला म्हणाल्या, "बाय, जरा साबण आण गो."

मी मागच्या दारी गेले. साबणाची वडी खिडकीत होती. ती ओंजळीत घेऊन मी परत आले आणि दारातच थांबले. काकींनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ त्यांनी कुणाकडेच बघितलं नव्हतं.

"साबणाने नाय निघत ती," काकी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, मीठ संपलंय असं सांगावं तसा. "केव्हाचीच अडकली. यांनी मापच चुकीचं आणलं."

भिकूवहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"नाही निघत," मी म्हटलं. "मी बघितलंय."

कुणी हातोडी आणा म्हणालं नाही. भिकूवहिनींनी काकींचा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला, बांगडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि हात त्यांच्या मांडीवर ठेवून दिला. "ऱ्हाऊदे," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. त्यांच्यामागे बाकीच्याही उठून ओटीवर गेल्या.

मी अजून साबण घेऊन दारातच उभी होते. काकींनी पदराने बांगडी पुसली, नेहमी पुसायच्या तशी.

"तो साबण जागेवर ठेव, बाय," त्या म्हणाल्या. "मला रोज लागतो."