अर्धी घासलेली कवळी

माझ्या सासूबाईंचे दात आमच्या गौरीपेक्षा वयानं लहान आहेत, पण घरात मान त्यांचाच मोठा आहे.

म्हणजे कवळीचा. गौरी बालवाडीत जात होती तेव्हा सासूबाईंनी ती करून घेतली. झोपताना त्या ती काढून स्टीलच्या वाटीत, पाण्यात, वर झाकण घालून देवघराच्या खालच्या फळीवर ठेवतात. (वर देव, खाली दात. नमस्कार करताना मला नेहमी शंका येते, आपण नेमका कोणाला करतोय?) त्या वाटीला कुणी हात लावायचा नाही. लेकानं नाही, नातीनं नाही आणि सुनेनं तर नाहीच नाही.

आता दात बदलले म्हणून कुणाची मिसरी सुटते का? तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूची ती काळी पूड सासूबाई अजून रोज घासतात. कवळीवरून! नवी होती तेव्हा ती कवळी मोगऱ्याच्या कळ्यांसारखी दिसायची म्हणे. आता तिला बघून कुणी मोगरा म्हणणार नाही, करपलेलं कणीस म्हणेल.

मलाही मिसरी त्यांनीच शिकवली. मी नवी नवरी, माझी दाढ दुखत होती. त्या म्हणाल्या, "जरा लावून बघ की, लगेच थांबतंय." दाढ थांबली, मिसरी काही थांबली नाही. दात काळे झाले. मी मुळातच बुजरी, त्यात ही भर. हसू आलं की हात आपोआप पदराकडे जातो. गौरीच्या बारशापासून घरातल्या सगळ्या फोटोत मी आहे, पण नाकाखाली पदर. एका बारशाच्या फोटोत तर मी पाळण्यापाशी अशी उभी आहे, की बघणाऱ्याला वाटावं, बाळानं काहीतरी केलंय!

तर गौरीचं लग्न अक्कलकोटच्या मुलाशी ठरलं आणि साखरपुडा जवळ आला. एक दिवस गौरी माझ्यापुढे येऊन बसली.

"आई, साखरपुड्याच्या फोटोत तू पदर घ्यायचा न्हाय. हसायचं. दात दिसले पायजेत."

"दात दिसले तर लग्न मोडंल की गं!"

"मग पांढरे करू. पण माझ्या फोटोत मला माझ्या आईचं तोंड पायजे. नुसता पदर न्हाय."

पोरीनं आजवर माझ्याकडे साडी मागितली, मोबाईल मागितला. तोंड पहिल्यांदाच मागितलं.

दुसऱ्या दिवशी ती दात पांढरे करायच्या पेस्टी घेऊन आली. एक लाल डब्यातली, एक निळ्या डब्यातली आणि एक कोळशाची. चक्क काळीकुट्ट! डब्यांवर सगळं इंग्रजी. (माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी तोवर आमच्या वर्गात पोचलंच नव्हतं.)

"ह्यातली कुठली चांगली?" मी विचारलं.

"सगळ्यांवर चांगलीच म्हणून लिवलंय. आपण तपासून बघू. मोबाईलवर दाखवलंय. अंड्याचं टरफल चहात भिजवायचं, डाग पडला की..."

"अंडं?" मी देवघराकडे बघितलं. "ह्या घरात?"

आमचं घर लिंगायताचं. आमच्या ह्यांच्या गळ्यात लिंग, अंडं असं बोलायचं झालं तरी आम्ही आवाज खाली घेतो.

"अंडं न्हाय गं, नुसतं टरफल!"

"टरफल काय आभाळातनं पडतंय का? आजीला कळलं तर आपल्या दोघींची टरफलं निघतील!"

मग आम्ही चहाचा डागाळलेला कप घेतला. तिन्ही पेस्टींनी कप लख्ख झाला. पण कप तर राखेनंही लख्ख होतो. मग मोरीतली पांढरी फरशी घासली. तीही निघाली. (मोरी आयती स्वच्छ झाली, एवढाच फायदा.)

"असं न्हाय कळायचं," गौरी म्हणाली. "दातावरच बघाय पायजे. मिसरीच्या दातावर. आणि एकाच तोंडातल्या, म्हणजे फरक कळंल."

दुपारची वेळ होती. बाहेरच्या खोलीत दिवाणावर सासूबाई घोरत होत्या. आम्हा मायलेकींची नजर एकाच वेळी देवघराच्या खालच्या फळीवर गेली.

"नको गं बाई," असं मी म्हणाले. पण म्हणेपर्यंत वाटी माझ्याच हातात होती!

उजव्या बाजूला लाल पेस्ट, डाव्या बाजूला निळी, असं ठरलं. उजवी बाजू मी घेतली. ब्रश असा चालवला, जसं जत्रेच्या जेवणाचं पातेलं घासतेय. आणि काय सांगू! करपलेल्या कणसातून दाणे उजळायला लागले. एकेक दात असा पांढरा झाला, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. डाव्या बाजूला गौरी, नखांचं पॉलिश सांभाळत, बाळाला पावडर लावल्यासारखी ब्रश फिरवत होती. तिकडे सगळं जसंच्या तसं काळं.

"बघ, लाल पेस्टच भारी!" गौरी नाचायलाच लागली. "आता ती कोळशाची तू तुझ्याच दातावर लावून बघ. तोवर मी ही बाजू लालनं करते."

मी कोळशाची पेस्ट तोंडात घेतली, ब्रश फिरवला. तोंड काळ्या फेसानं भरलं. आणि दाराची कडी वाजली.

"हाय का घरात कुणी?"

विहीणबाई! आणि सोबत व्याही! साखरपुड्याच्या साड्या घ्यायला सोलापुरात आले होते आणि जाता जाता भवानी पेठेत आमच्याकडे डोकावले होते. ना फोन, ना निरोप!

गौरीनं कवळी पाठीमागे लपवली. मोरी स्वयंपाकघरातच, दोन पावलांवर. पण मी तिकडे वळेपर्यंत विहीणबाई थेट स्वयंपाकघरात! त्यांचाही पदर नेहमी तोंडाशी असतो. पहिल्या भेटीपासून मला वाटायचं, लई खानदानी बाई आहे.

"ईनबाई, काय चाललंय?" त्या पदराआडून म्हणाल्या.

मी पदर तोंडावर दाबला आणि मान हलवली. होणाऱ्या विहिणीसमोर मोरीत काळा फेस थुंकायचा? त्यापेक्षा गिळलेला बरा. थोडा गिळलाही! बाकीचा गालात धरून ठेवला.

तिकडे बाहेरच्या खोलीत सासूबाईंना जाग आली होती; दारातून मला सगळं दिसत होतं. व्याही समोर खुर्चीवर, आणि सासूबाईंच्या तोंडात दात नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून बोळक्या आवाजात कुजबुजल्या, "गौरे, फात आण! फात!"

गौरी पुरती घाबरलेली. तिनं कवळी पाण्यात नीट न धुताच, उजव्या बाजूच्या पेस्टीसकट आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी न बघता ती तोंडात बसवली, पदर सावरला, व्याह्यांकडे वळल्या आणि तोंडभर हसल्या.

म्हणजे अर्ध्या तोंडभर.

लाइट गेलेली होती. खोलीत अंधूक. त्या अंधारात काळी बाजू दिसेचना. दिसत होती फक्त उजवी, पांढरीफट्ट! सगळं तोंड एका अंगाला ओढल्यासारखं. व्याही खुर्चीतून उठलेच.

"आजी, तोंडाला काय झालंय?"

"काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात गालावर गेला. "अय्यो शिवने! ह्या बाजूला गार गार लागायलंय की! मुंग्या आल्यात!"

ती पेस्ट पुदिन्याची होती. पण हे व्याह्यांना कुठून कळणार?

"लकवा!" व्याही ओरडले. "माझ्या थोरल्या भावाचं अस्संच झालं होतं! आजी, दोनी हात वर करा बघू!"

सासूबाईंनी एकच हात वर केला.

"दुसरा? दुसरा का उठंना?"

दुसरा कसा उठेल? त्या हातात, पदराखाली, मिसरीची डबी होती! नव्या सोयऱ्यांसमोर ती कशी दाखवणार? त्या बिचाऱ्या हात आणखी आवळून बसल्या. ते बघून व्याह्यांची खात्रीच पटली. त्यांनी गौरीला रिक्षा आणायला पिटाळलं आणि आमच्या ह्यांना चिंचोळीच्या कारखान्यात फोन लावला. "हां, आईला लकवा मारलाय. तुमी निघा लगेच."

मला वाटलं, गौरी तरी बोलेल. पण गौरीला वाटलं, पेस्टीनंच लकवा मारला! रिक्षा शोधता शोधता ती मोबाईलवर तेच वाचत होती, असं तिनं मागून सांगितलं.

राहिले मी. खरं काय ते ठाऊक असलेली घरातली एकटी बाई, आणि तिचं तोंड फेसानं भरलेलं! मी नको नको म्हणून हात हलवले, मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. (पुदिना!) विहीणबाईंनी मला पोटाशी धरलं.

"रडू नका ओ ईनबाई. बऱ्या होतील. आजकाल लई औषधं निघाल्यात."

मी आणखी जोरात मान हलवली.

"किती माया सासूवर!" त्या व्याह्यांना म्हणाल्या.

रिक्षा दाराशी आली. गल्ली गोळा झाली. व्याह्यांनी आणि रिक्षावाल्यानं सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरलं. सासूबाई आता खरंच रडायला लागल्या. "गौरीचं लगीन बघायचं राहिलं गं माझं!" तोंड उघडलं तर सोयरीक जाते. मिटून ठेवलं तर म्हातारी धडधाकट असताना दवाखान्यात जाते, आणि भीतीनंच तिचं काही झालं तर?

मी पदर सोडला आणि ओरडले, "अवो थांबा! कवळी हाय ती! अर्धीच घासलीया!"

आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. एवढ्या काळ्या तोंडानं तर नाहीच! फेस हनुवटीवरून ओघळला आणि शिंतोडे विहीणबाईंच्या अबोली साडीवर उडाले.

"अय्यय्यो!" विहीणबाई मागे सरकल्या. "एनाय्तव्वा? हिलाबी काय झालं?"

आता सांगत बसायला वेळ नव्हता. मी सरळ पुढे झाले. "तोंड उघडा, आत्याबाई." त्यांनी उघडलं. मी कवळी बाहेर काढली आणि उन्हात धरली. अर्धी मोगरा, अर्धी कणीस! सगळी गल्ली बघत राहिली. व्याही मात्र झटकन भिंतीकडे वळले. परक्या बाईचे सुटे दात बघावेत की नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नसावं.

सासूबाईंनी आधी तोंड चाचपलं. मग दोन्ही हात वर करून बघितले. डबी खाली पडून मिसरी उंबऱ्यावर सांडली. मग त्यांना सगळं उमजलं.

"माझ्या फातावर फरयोग केलास व्हय गं भवाने?"

मी खाली मान घातली. गौरी रिक्षाच्या आडून रडत होती. मला वाटलं, झालं. पोरीनं हसरी आई मागितली होती, आईनं सोयरीकच घालवली. विहीणबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या हातातली कवळी उलटसुलट करून बघितली. इकडून बघितली, तिकडून बघितली. मग हळूच माझ्या कानाशी वाकल्या.

"ह्या पांढऱ्या बाजूला कुठली पेस्ट लावलीसा ओ?"

मी चकित होऊन वर बघितलं. त्यांनी पदर जरासा खाली केला. आत माझ्यासारखेच दात! तसेच काळे, तश्शीच मिसरी. खानदानी बिनदानी काही नाही, त्याही माझ्यासारख्याच लपत होत्या!

मला आधी हसू आलं, की त्यांना, ते आठवत नाही. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. व्याही हसले, रिक्षावाला हसला, शेवटी सासूबाईही बोळकं उघडून हसायला लागल्या. तेवढ्यात आमचे हे हेल्मेटसकट धावत आले. बघतात तर दारात सगळ्यांचीच तोंडं वाकडी!

"सगळ्यांस्नीच मारला की काय!" असं म्हणून ते मटकन उंबऱ्यावर बसले. सांडलेल्या मिसरीतच.

उरलेली अर्धी कवळी मला त्याच दिवशी, सासूबाईंच्या देखरेखीखाली, निळ्या पेस्टीनं घासावी लागली. तीही पांढरी झाली. तेव्हा कळलं, पेस्ट कुठलीही असू दे, घासणारा हात पातेली घासलेला पाहिजे. तोच हात मी माझ्या दातांवर चालवला. मोगरा नाही झाला, पण दुधाच्या चहाचा रंग आला. विहीणबाईंचे चहाच राहिले, बिनदुधाचे. तरी त्याही खूश!

साखरपुड्याच्या फोटोत मी गौरीच्या शेजारी उभी राहिले. पदर खांद्यावर, तोंड उघडं, खुशाल हसले. गौरीनं माझा हात घट्ट धरला होता.

माझा सांगोल्याचा सख्खा भाऊ डाळिंबाच्या तोडणीमुळे साखरपुड्याला आला नव्हता. पुढे एकदा घरी आला, तेव्हा मी मोठ्या हौसेनं तो फोटो त्याच्यापुढे ठेवला. त्यानं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गौरीजवळ ही दात काढून उभारलेली बाई कोण गं? त्यांच्याकडची का?"

मला इतकी लाज वाटली, की मी झटकन पदर तोंडावर घेतला.

त्यानं माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, "आयला! तू हाय व्हय!"