पिवळ्या पानाच्या हिरव्या शिरा

स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. त्या उन्हाळ्यात तर माझे पाय घटकाभरही थाऱ्यावर नव्हते. बेळगावात मास्तरीण होण्याचं शिक्षण पुरं करून मी निपाणीला घरी आले होते, लांबच्या गुंजी गावच्या शाळेत नेमणूक होणार असं कळलं होतं, आणि नेमकं त्याच वेळी परड्यातलं लिंबू पिवळं पडायला लागलं.

हे लिंबू आईचं. तिनं ते बी टाकून घासलेटच्या डब्यात वाढवलं आणि मोठं झाल्यावर लाकडी पिंप अर्धं कापून त्यात हलवलं. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात आप्पा आणि मी, दोघंच. आप्पा तंबाखूच्या वखारीत पारखी होते. पान बोटांत धरून, नाकाशी नेऊन, उजेडात उलटसुलट करून ते ‘चालंल’ किंवा ‘न्हाय’ एवढंच म्हणत, आणि त्यावर घेणारा नि विकणारा दोघंही गप्प बसत. मला घर सोडायचं होतं, अगदी मनापासून सोडायचं होतं. पण आईचं झाड मरायला टाकून निघायचं, हे काही केल्या गळी उतरत नव्हतं.

निपाणीत झाडाला काहीही होवो, औषधं दोनच, आणि दोन्ही तंबाखूची. कीड पडली तर तंबाखूचं पाणी, झाड खंगलं तर तंबाखूच्या काड्यांची राख. आमच्या चुलीत त्या वाळक्या काड्याच जळत, त्यामुळं राखेला तोटा नव्हता. शेजारच्या आक्कांनी तंबाखू उकळून दिली, ते पाणी मी पानांवर शिंपडलं. शेंड्यावरची माव्याची कीड मेली, पिवळेपणा जागच्या जागी. आप्पा तर आधीपासूनच रोज सकाळी बुंध्याशी मूठभर राख टाकत. झाड जास्त पिवळं दिसतंय असं मी म्हटलं की दुसऱ्या दिवशी मूठ मोठी. मी उगाच भांडी आदळायचे. झाडाला राख घालू नका असं निपाणीत म्हणणार कोण?

नेमणुकीचा कागद आणायला मी बेळगावला गेले. कचेरीतलं काम तासाभरात उरकलं. आता खडेबाजारात जाऊन एक चांगली ट्रंक बघावी असं मनात होतं, पण आवारातून निघताना कुंड्यांची रांग दिसली. त्यात दोन लिंबं होती, गर्द हिरवी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माळी पाणी घालत होता. त्याला मी भांडायच्याच सुरात विचारलं, “तुमची पानं एवढी हिरवी कशी?”

तो हसला नाही. “तुमची पिवळी पडलीत काय, आक्का? जुनी का नवी?”

“नवी. शेंड्याची.”

“आन शिरा? पानातल्या शिरा हिरव्या हायत का त्याबी पिवळ्या?”

मला सांगता येईना. दोन महिने रोज त्या झाडापुढं उभी राहत होते आणि शिरा काही बघितल्या नव्हत्या.

“जुनं पान आधी पिवळं पडलं तर झाड उपाशी. खत घालायचं,” तो म्हणाला. “नवं पान पिवळं आन शिरा हिरव्या, तर माती बिघाडली. चुना न्हायतर राख जास्ती झालीया, झाडाला लोखंड मिळंना. जमिनीतलं झाड मुळं लांब टाकतं. पिंपातलं कुठं जाईल?” आणि मी निघाले तेव्हा मागून ओरडला, “पिवळी झालेली पानं बघत बसू नगासा. नवी पालवी कशी येतीया ती बघा!”

ट्रंक राहिली. परतीच्या मोटारीत मी पुढच्या बाकाची दांडी धरून बसले होते, जणू मी ढकलल्यानं ती लवकर पोचणार होती.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आप्पा पिंपाजवळ बसले होते. हातातली पिशवी खाली न ठेवताच मी म्हणाले, “आप्पा, शेंड्याच्या पानाच्या शिरा कशा हायत, बघा की.”

त्यांनी पान अंगठ्या-बोटात धरलं, उजेडाकडं केलं, उलटं केलं. अगदी वखारीत करत तसं. “सगळं पिवळं हाय,” म्हणाले.

मी वाकले. पान पिवळं होतं, आणि त्यावर शिरा हिरव्यागार, शाईनं आखल्यासारख्या. खाली मातीवर राखेचा बोटभर पांढरा थर बसला होता. पिंपाच्या काठावर, आप्पांच्या धोतरावरसुद्धा राख सांडली होती.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव. मी रिकामी मूठ त्यांच्यापुढं धरली, उघडली आणि विचारलं, “आणि हे? हे पान कसं हाय?”

त्यांनी डोळे बारीक केले. “हे बरं हाय की.”

मग त्यांचा हात पुढं आला, माझ्या उघड्या तळव्याला लागला आणि तिथंच राहिला. “पोरी,” ते हळूच म्हणाले, “परीक्षा घेतीयास व्हय माझी?”

इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही.

वर्ष झालं होतं म्हणे. डोळ्यांपुढं नुसतं धुकं. वखारीत वासावर आणि बोटांवर भागत होतं. रंग ते हमालाला विचारत, थट्टेनं विचारल्यासारखा. “मला का न्हाय सांगितलं?” मी ओरडलेच.

“सांगितलं असतं तर तू ग्येली असतीस का?”

मी आणखीच चिडले. “नवी पालवी हिरवी आली तरच जाईन. न्हायतर तो कागद चुलीत घालीन.” आप्पा एवढंच म्हणाले, “बरं.”

हजर व्हायला बारा दिवस होते. वरची राखेची माती आम्ही खरवडून काढली. पिंपाचं बुडाचं भोक गच्च बुजलं होतं, ते सळईनं मोकळं केलं. बादल्यांवर बादल्या ओतून उरलेली माती धुतली, तेव्हा खालून राखुंडीच्या रंगाचं पाणी वाहिलं. वर डोंगराकडची तांबडी माती आणि कुजलेला पाला घातला. लोहाराच्या डोणीतलं, तापलं लोखंड विझवलेलं पाणी आणलं. हे सगळं आप्पांनी हातांनी चाचपत केलं, माझ्यापेक्षा नीट. शेजारच्या आक्का कपाळाला हात लावून बघत होत्या. पोरीनं सोन्यासारखी राख उकिरड्यावर टाकली, हे त्यांनी गल्लीभर सांगितलं.

मग नुसतं थांबणं. ते माझ्याच्यानं होईना. मी चूल पेटवायची आणि परड्यात जायची, पीठ मळता मळता जायची, न्हाऊन ओल्या केसांनी जायची. “अगं, दिष्ट लागंल झाडाला,” आप्पा म्हणायचे. दहा दिवस फांदीवर काही नाही. अकराव्या दिवशी मी सामान बांधलं, सोडलं आणि पुन्हा बांधलं.

बाराव्या दिवशी सकाळी आप्पांनी हाक मारली. ते शेंड्यापाशी बोटांची टोकं धरून उभे होते. “आलीया पालवी,” म्हणाले. “रंग तू सांग.”

नखाएवढं पान होतं. फिक्कट. हिरवं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. कोवळं म्हणून तसं की अजून आजारी म्हणून तसं, ते मला कळेना. आप्पांचं तोंड माझ्याकडं वळलेलं होतं. मला थांबायचं होतं आणि मला जायचंही होतं, आणि जायचं जास्त होतं.

“हिरवी हाय,” मी म्हणाले.

“मग आवर. मोटार चुकंल.”

गुंजीत मुली गोड होत्या, शाळेभोवती झाडी दाट होती, पण ते खोटं मला घास गोड लागू देईना. पत्रात झाडाची चौकशी करायचं मला धाडस झालं नाही. आक्काच आप्पांना पत्र वाचून दाखवत, आणि झाड वाळलं असतं तर त्यांनी तेच आधी कळवलं असतं, अशी मी स्वतःची समजूत काढायची. आप्पांनी वखारीत आपणहून डोळ्यांचं सांगितलं, मालकांनी त्यांना वासासाठी ठेवून घेतलं, एवढं मात्र कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती थेट परड्यात गेले. लिंबू पिंपाच्या काठांवरून ओसंडत होतं. पानं गडद, तुकतुकीत, आणि आत तीन लिंबं लपलेली. आप्पा माझ्या पावलांवरून ओळखून मागं आले. त्यांनी शेंडा चाचपला.

“रंग कसा हाय?”

“हिरवा!”

त्यांनी मान डोलावली. “आज लगीच सांगितलंस,” ते म्हणाले. “तवा लई येळ लागला हुता तुला.”