शालू आन माहं हिरवं लुगडं

शालू माहं हिरवं लुगडं घेऊन गेली. आज एक वर्ष झालं.

आता परत येत नाही. ना ती, ना लुगडं.

(फोनमध्ये बोलून लिहून राहिली. शाळा तिसरीपर्यंत. चूक दिसली तं गिळून घ्या.)

शालू माही भाडेकरू. वरची खोली.

खोली पाहाले आली तेव्हा अंगात शर्ट-पँट. नाव सांगतलं राजेश, बुटीबोरीच्या कपडा मिलमध्ये कामाले.

रविवारी जिना उतरली तं साडी, गजरा, लिपस्टिक.

मी म्हटलं, "राजेशची बायको का वं तू?"

"नाही आजी, मीच ती. राजेश कामापुरता. खरं नाव शालू."

"मंग आधी सांगाचं ना! माह्या घरी बायायले सकाळचा नळ, बाप्यायले संध्याकाळचा. उद्यापासून सकाळी बादली लाव."

ती तिथंच पायरीवर बसून रडाले लागली. मले वाटलं, हिले सकाळी उठाचा कंटाळा.

तिचा बाप खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, नाच्या होता. लुगडं नेसून गावोगाव नाचे, लोक शिट्ट्या मारत. घरी आला का लुगडं सोडे.

पोरीनं सोडलं नाही. एवढाच गुन्हा. घराबाहेर.

मंग तिची गँग नाचाच्या शोची प्रॅक्टिस कराले माह्या गच्चीवर येऊ लागली. पोट्टे, पोट्ट्या, आन दोन्हीच्या मधले. ज्याले घरी नाचता येत नाही, तो माह्या डोक्यावर नाचे.

एक बबलू. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या उचलते. ही एवढी मिशी. पण घुंगरू बांधले का असा लाजे, नवरी मागे पडे.

माही नात म्हणे, "आजी, याले परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. हे ॲक्टिव्हिझम आहे."

मी म्हटलं, "असन. पापडावर पाय नका देऊ म्हणा."

शालूचा डोळा माह्या पेटीतल्या हिरव्या लुगड्यावर. रेशमी काठाचं, नऊवारी.

"आजी, एका शोपुरतं द्या ना."

"मी मेली का घे."

"मंग कधी?"

"भैताड! तारीख सांगू का?"

हे आमचं दर शोच्या आधी चाले.

आता आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते. वर्षभराची इडापिडा तिच्यासंग पाठवाची आन जाळाची. सोबत बडगे असतात, म्हणजे बाप्याचे पुतळे. ज्याचा राग आला, त्याच्या नावाचा बडग्या.

दोन वर्षांमागं शालू म्हणे, "आजी, आमचा पण बडग्या बनवून राहिलो. जुनं लुगडं द्या."

"बडग्या तं बाप्या असते. त्याले लुगडं काहून?"

"आमचा बडग्या आहे आजी. त्याच्या मनात येईल ते नेसन."

दिलं.

तयार झाला तं शेजारची विमल खालून ओरडली, "अवं कमलबाई, तुम्ही इथं उभ्या, मंग गच्चीवर कोण आहे?"

पाहिलं तं काय, नाक हुबेहूब माहं!

"शालू, हे नाक?"

"लुगड्यासंग आलं आजी."

बडग्याच्या गळ्यात पाटी होती: लोक काय म्हणतील.

गल्लीत उभा केला. सगळे जमले, फुकटचा तमाशा कोण सोडते. पोरं ओरडून राहिली, "खोकला घेऊन जा गे मारबत! मच्छर घेऊन जा गे मारबत!"

मंग बबलू घुंगरू वाजवत पुढं आला. "दर रविवारी पोरगी दाखवाले आणणारा मामा घेऊन जा गे मारबत!"

गल्ली हसून हसून वाकली.

तेवढ्यात विमल. नवरा गेल्यापासून कोणाच्या कार्यात पुढं न येणारी विमल. हात वर करून म्हणे, "मले हळदीकुंकवाले न बोलावणारे घेऊन जा गे मारबत!"

बायायनं माना खाली घातल्या. बोलावणाऱ्या सगळ्या तिथंच उभ्या होत्या ना.

शालूनं तिचा हात धरला आन तिले मधात आणली. "अजून सांग वं ताई."

मंग एकेकीचं तोंड उघडलं. थांबता थांबेना. नाक्यावर नेऊन बडग्या जाळला, तेव्हा सगळ्यायचे गळे बसले होते.

त्या दिवसापासून गच्चीवर प्रॅक्टिस असली का चहा विमलकडून.

गेल्या वर्षी शालूले कावीळ झाली. आठवड्यात पोरगी गेली.

दवाखान्यातून खोलीवर आणली. खापरखेड्याहून तिचा भाऊ आला. हातात नवीन शर्ट-पँट.

गँग जिन्यावर बसून होती. रक्ताचा भाऊ तो, हे कोण?

मी पेटी उघडली. हिरवं लुगडं काढलं.

"हे नेसवा."

"आजी, समजून घ्या. गावचे लोक येऊन राहिले. लोक काय म्हणतील?"

जिन्यावर बबलू फिसकन हसला. रडता रडता. मंग विमल. मंग सगळेच. मयतीच्या घरात असा हशा मी जन्मात ऐकला नाही.

भाऊ बिचारा पाहतच राहिला.

मी म्हटलं, "बापू, त्याले आम्ही जाळलं. मी स्वतः पाहिलं. नाक माहं होतं."

त्याले काही समजलं नाही. पण शर्ट-पँटची पिशवी त्यानं खाली ठेवली. मंग म्हणे, "नऊवारी नेसवता कोणाले येते?"

सगळ्यायच्या आधी मिशीवाला उठला.

उचलताना पदर घसरला. तो भावानंच सावरला.

आता पोळा आला. गच्चीवर पुन्हा कागद आन चिकटवाच्या लेईचा पसारा. पोट्टे जुनं लुगडं मागून राहिले. देईन. नाक माहं लावाचं नाही, एवढंच सांगतलं.

शालू, मी म्हटलं होतं मी मेली का घे. तुले कोणत्याच गोष्टीचा धीर नव्हता.

नेस आता. पण काठ घासत चालू नको. मी आली का पाहीन.

सकाळचा नळ अजून तुह्याच नावानं आहे.

तुही घरमालकीण,
कमलआजी