मामंजींचा खोकला

सासरी, डहाणूला, मामंजी उंबऱ्याशी आले की खोकत. खोकला ऐकला की सुनेनं पदर डोक्यावर घेऊन उभं राहायचं. मी इतकी गुणी सून, की खोकला कुणाचाही असो, आपली उभीच. एकदा एस.टी.त कंडक्टर खोकला, मी उठले, आणि शेजारी उभी असलेली कोळीण माझ्या जागेवर बसली. तलासरीपर्यंत मी उभी. ऐंशीच्या दशकातली पदवीधर शिक्षिका ही.

शाळेतल्या पोरांना माझी कळ लगेच सापडली. एक खोकला, बाई उभ्या. दुसऱ्या कोपऱ्यातून खोकला, पुन्हा उभ्या. मोठ्या बाईंनी हे दारातून पाहिलं.

"तपासणीपर्यंत हे थांबलं नाही, तर चौथी मी दुसऱ्या कुणाला देईन."

चौथीवर माझा जीव होता. पण दटावू कशी? दटावतानाही मी पदर सावरत उभीच. शेवटी मुलांशीच सौदा केला. घरचे पिकलेले चिकू ओटीत घेऊन मी खुर्चीवर बसणार, त्यांनी मनात येईल तेव्हा खोकायचं. मी उठले, तर घरंगळतील ते चिकू त्यांचे.

"बाई, उद्या मोठे आणा," एक चिमुरडी म्हणाली, "आज बारीकच पडले."

सुरुवातीला वर्गाची चंगळ झाली. मग मी अर्धीच उठायला लागले. पुढे नुसते गुडघे हलत. नंतर हात तेवढा पदराकडे जाई. पोरांचे घसे बसले.

डॉक्टरकी शिकणारी माझी नात आता सांगते, "आजी, मेंदूच्या वरच्या थरात पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. खोकला येतो पण मामंजी येत नाहीत, असं सारखं झालं की त्यातल्या काही जोडण्या ढिल्या पडतात. मग वागणं बदलतं."

"म्हणजे जुनं पुसलं जातं?"

"सगळं नाही गं. जोर कमी होतो."

तपासणीच्या दिवशी साहेब म्हणाले, "बसा बाई, चालू द्या." मी चिकू घेऊन बसले. मागच्या बाकावरून एक खोकला आला, मग चारी बाजूंनी. मी पाटी तपासत राहिले. तेवढ्यात साहेबांनाच ठसका लागला, अगदी मामंजींसारखा. वर्ग श्वास रोखून माझ्या ओटीकडे बघत होता.

"पाणी मागवू का, साहेब?" मी बसूनच विचारलं.

जाताना मोठ्या बाई म्हणाल्या, "चौथी तुमचीच."

मग सगळ्या वर्गादेखत मी एकेक चिकू सोलला आणि एकटीनं खाल्ला.